वानवर हक्क सांगण्यापूर्वी मोर्णेचा हिशेब

१९३० साली महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्याची लाट उसळली. वऱ्हाडला समुद्र नाही. पण त्यावाचून वऱ्हाडातील सत्याग्रहींचे काही अडले नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा या गावी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून त्यांनी मीठ तयार केले आणि परकीय सत्तेचा कायदा मोडला. स्वातंत्र्यलढ्यातील हा प्रसंग वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या भूमीत विहिरीच्या पाण्यातून मीठ निघते, त्या भूमीतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्यायली काय, हा प्रश्न त्या अभिमानाच्या कथेत कोणी फारसा विचारीत नाही.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा भूभाग ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर, त्यात पाण्याचा निचरा होऊ न देणारी चिकण माती आणि त्या मातीत साठून राहिलेले क्षार, असे या पट्ट्याचे स्वरूप आहे. विहीर खणली तर पाणी लागते; पण ते पिण्याच्या कामाचे नसते आणि पिकाला दिले तर जमीन कडक होऊन बसते. वरून काळीभोर, सुपीक दिसणारी जमीन आणि खाली खारे पाणी. पाण्यावर बसून तहानलेला राहणारा असा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नसेल.

तेल्हारा तालुका या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग, मेळघाटचे जंगल आणि दक्षिणेला पूर्णेचे खोरे. डोंगरातून वान नदी उतरते. वारी भैरवगड येथे, समर्थ रामदासांनी स्थापन केला अशी श्रद्धा असलेल्या मारुतीच्या सान्निध्यात, वानवर धरण बांधले गेले आणि त्याच्या जलाशयाला ‘हनुमान सागर’ असे समर्पक नाव मिळाले. या धरणाची उपयुक्त साठवण ८१.९५ दशलक्ष घनमीटर आहे. जंगलातून येणारे हे पाणी गोडे आहे. अकोट, तेल्हारा, शेगाव, जळगाव जामोद ही शहरे आणि ८४ खेडी योजनेसारख्या मोठ्या ग्रामीण पाणीपुरवठा योजना त्याच्यावर अवलंबून आहेत. कालव्यांवर तेल्हारा तालुक्याची शेती उभी आहे. खारपाणपट्ट्यात ज्या घरी वानचे पाणी पोहोचले, त्या घरातील गृहिणीला विचारावे. डाळ शिजायला लागणारा वेळ निम्म्यावर आला, येथपासून ती सांगायला सुरुवात करते. पाण्याचे महत्त्व सांगणारी भाषणे अनेक होतात, पण डाळ न शिजण्याचा अनुभव त्या भाषणांत नसतो.

अशा या वानच्या पाण्यावरून गेली काही वर्षे संघर्ष सुरू आहे, आणि हा संघर्ष केवळ सिंचनाचा किंवा राजकारणाचा आहे, असे समजून शहरी वाचकाने पान उलटू नये. शहरांच्या पर्यावरणाचा खरा प्रश्न कोणता, हे समजून घेण्यासाठी तेल्हाऱ्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

केंद्र शासनाची ‘अमृत’ योजना २०१५ साली सुरू झाली. या योजनेच्या निमित्ताने अकोला शहरासाठी वान प्रकल्पातून २४ दशलक्ष घनमीटर पाणी आरक्षित करण्याचा विषय पुढे आला. धरणाच्या उपयुक्त साठ्याचा हा जवळजवळ तीस टक्के वाटा होतो. तेल्हारा आणि अकोट परिसरातील शेतकरी खवळून उठले, आंदोलने झाली, आरक्षणाला स्थगितीही मिळाली. दुसरीकडे बाळापूर आणि अकोला तालुक्यांतील ६९ गावांनी आपल्याला वानचेच पाणी हवे म्हणून आग्रह धरला. त्या योजनेच्या स्थगितीविरुद्ध २०२३ च्या एप्रिल महिन्यात खारे पाणी टँकरमध्ये भरून अकोल्याहून थेट नागपूरपर्यंत पदयात्रा काढण्यात आली. त्या यात्रेतील पक्षीय रंग बाजूला ठेवला, तरी टँकरमधले पाणी खारेच होते, ही गोष्ट कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही.

म्हणजे एका धरणावर तीन हक्कदार उभे राहिले. पहिला शेतकरी, ज्याच्या नावाने धरण बांधले. दुसरी खारपाणपट्ट्यातील खेडी, ज्यांच्या पायाखालचे पाणी निसर्गानेच बिघडवून ठेवले आहे. तिसरे शहर. या तिघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे आणि तो असलाच पाहिजे. तहानलेल्याला पाणी नाकारणे हे आपल्या संस्कृतीत पातक मानले गेले आहे. गजानन महाराजांच्या चरित्रातील अकोलीची कथा वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परंतु ‘पिण्याचे पाणी’ या शब्दाखाली शहर काय काय मागते, हे एकदा उघडून पाहिले पाहिजे. खेड्यासाठी जलजीवन मिशनने दरडोई ५५ लिटरचे प्रमाण ठरविले. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी हेच प्रमाण १३५ लिटरचे आहे. माणूस पितो आणि स्वयंपाकाला वापरतो ते पाणी दोन्हीकडे सारखेच. वरचे सगळे पाणी न्हाणीघर, शौचालय, धुणी-भांडी आणि अंगणातील दुचाकी-चारचाकी धुण्यासाठी जाते. ते वाईट आहे असे नाही. पण ते ‘तहान’ या सदराखाली मागणे प्रामाणिकपणाचे नाही.

आणि मागितलेल्या या पाण्याचे पुढे होते काय? अभियंत्यांचा सर्वमान्य हिशेब असा की, शहराला पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. अकोला शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली आहे. पाच लाख माणसे, दरडोई १३५ लिटर, त्याचे ऐंशी टक्के, असा गुणाकार केला तर दररोज ५ कोटी ४० लाख लिटर सांडपाणी होते. वर्षाचे झाले १९.७ दशलक्ष घनमीटर. वानमधून मागितले होते २४.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जेवढे पाणी सातपुड्याच्या पायथ्यापासून, शेतकऱ्याच्या कालव्यातून वळवून आणायचे म्हणून एवढा कलह झाला, त्याच्या चार पंचमांश पाणी शहर रोज आपल्याच नाल्यांतून मोर्णा नदीत सोडून देते. अर्थात हा हिशेब मानकाप्रमाणे केलेला आहे. अकोल्यात नळ रोज येत नाही, काटेपूर्णेच्या महान धरणात साठा कमी पडला की चार-पाच दिवसांआडही येतो, तेव्हा प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी असणार. पण वानचे पाणी मागताना मानक पुढे करायचे आणि सांडपाण्याचा विषय निघाला की कोरड्या नळाकडे बोट दाखवायचे, हे काही जमणार नाही.

मोर्णेची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अकोल्याचे जुने शहर एका काठावर आणि नवे दुसऱ्या काठावर ठेवून ही नदी वाहते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी हजारो अकोलेकर तरुण गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी कावडीने आणतात आणि ग्रामदैवत श्रीराजराजेश्वराला जलाभिषेक करतात. रात्रभर अठरा किलोमीटर अनवाणी चालत आलेल्या या कावडी मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरतात. परंपरा जुनी आहे आणि तिचा उगम प्रदूषणात नाही, हे स्पष्टच आहे. तरीही पुलावरून जाताना खाली पाहिले तर मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. समजा उद्या कोणी म्हणाले की देवाच्या दारातील नदीचे पाणी देवाला घालू या, तर ते घालण्याची हिंमत कोणाची होईल?

ही नदी स्वच्छ करण्याचा प्रयत्न अकोलेकरांनी केला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने १३ जानेवारी २०१८ रोजी ‘मोर्णा स्वच्छता मिशन’ सुरू झाले. हजारो नागरिक नदीत उतरले. शंभरावर स्वयंसेवी संस्था, महाविद्यालये, शाळकरी मुले, माता-भगिनी, निवृत्त शिक्षक, व्यापारी, सगळ्यांनी मिळून चार किलोमीटरच्या पात्रातील जलकुंभी हाताने ओढून काढली. २८ जानेवारी रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मध्ये या उपक्रमाचा गौरवाने उल्लेख केला आणि अकोल्याच्या नदीचे नाव देशभर पोहोचले. थंडीच्या सकाळी गुडघाभर चिखलात उभ्या राहिलेल्या त्या माणसांचे श्रम खरे होते. समाज मनावर घेतो तेव्हा काय करू शकतो, याचे ते दर्शन होते.

त्यानंतर जलकुंभी पुन्हा वाढली. पुढील वर्षांत ती पुन्हा काढावी लागली, पुन्हा वाढली. यात अकोलेकरांचा आळस शोधण्याचे कारण नाही. वनस्पतीचा स्वभाव तसा आहे. जलकुंभीला नत्र आणि स्फुरद लागते. मैल्यातून नत्र मिळते, कपडे-भांडी धुण्याच्या पावडरीतून स्फुरद मिळते आणि उन्हाळ्यात पाणी थांबले की तिला हवी ती स्थिर जागाही मिळते. शहर जोपर्यंत नाल्यांतून तिला रोज जेवण वाढते आहे, तोपर्यंत वर्षातून एकदा तिला उपटण्याने ती मरणार कशी? शेतात तण काढणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो तण उपटतो आणि त्याच वेळी तणाला खत-पाणी कुठून मिळते, तेही बघतो. शहरी श्रमदानात नेमका हा दुसरा भाग राहून जातो. नदीत उतरणे दिसते, त्याचे छायाचित्र निघते. घराघरांतील सांडपाणी भुयारी नळीला जोडून घेण्यासाठी गल्लीगल्लीत फिरणे, रस्ता खोदल्याबद्दल लोकांच्या शिव्या खाणे, जोडणीचा खर्च कोणी करायचा यावर शेजाऱ्यांत समेट घडवणे, हे काम छायाचित्रात येत नाही. कार्यकर्त्याची खरी कसोटी मात्र तेथेच आहे.

‘अमृत’ योजनेतूनच अकोल्यात सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्पही आले, हे सांगितले पाहिजे. शिलोडा येथे दररोज तीन कोटी लिटर आणि कृषी विद्यापीठाच्या परिसरात सत्तर लाख लिटर क्षमतेचा, असे दोन. पूर्ण क्षमतेने चालले तर वर्षाला साडेतेरा दशलक्ष घनमीटर पाणी शुद्ध होईल. वानमधून मागितलेल्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक! परंतु शुद्धीकरण केंद्र उभे करणे आणि त्याच्यापर्यंत सांडपाणी पोहोचविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या देशात दुसरी गोष्ट पहिलीच्या फार मागे पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६. बांधलेल्या यंत्रणेचाही तिसरा हिस्सा रिकामा. कुठे घरांच्या जोडण्या नाहीत, कुठे वीजबिल भरले नाही म्हणून पंप बंद, कुठे चालविणारा कंत्राटदार निघून गेलेला.

शुद्ध केलेले सांडपाणी कोणी प्यावे असे येथे सुचविलेले नाही. नामिबियाच्या विंडहोक शहरात १९६८ पासून लोक ते पितात, सिंगापूरनेही २००३ पासून तसे पाणी पुरवठ्यात आणले; पण अकोल्याला एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. नागपूरपर्यंत गेले तरी पुरे. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी येथील प्रकल्पातून दररोज तेरा कोटी लिटर प्रक्रिया केलेले पाणी महानिर्मितीच्या कोराडी येथील औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था उभी राहिली. वीज केंद्राला थंडाव्यासाठी पाणी लागते, ते गोडे असण्याची काहीच आवश्यकता नसते. त्या पाण्याच्या बदल्यात धरणातील तेवढे पाणी मोकळे होते आणि महापालिकेच्या तिजोरीत पैसेही येतात. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारकच केले. पारसचे ५०० मेगावॉटचे केंद्र अकोल्यापासून या अंतराच्या निम्म्यातच आहे. औद्योगिक वसाहत तर शहराला लागूनच आहे. बागा आहेत, बांधकामे आहेत, आणि शेती तर चहूबाजूंनी आहे.

म्हणून वानच्या वादात न्यायाचा क्रम असा लावला पाहिजे की, ज्यांच्या विहिरीचे पाणी निसर्गतःच खारे आहे आणि ज्यांना दुसरा पर्यायच नाही, त्या खेड्यांचा हक्क आधी. त्यांना लागणारे पाणी शहराच्या तुलनेत थोडे आहे, आणि ते देताना तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यानेही हात आखडता घेऊ नये. पूर्णाकाठचा शेतकरी त्याचा भाऊबंदच आहे. कालव्याची गळती थांबविली आणि ठिबक, तुषार यांचा वापर वाढला तर एवढे पाणी शेतीतूनही निघू शकते. शहराचा क्रम सर्वांत शेवटी. अकोल्याने आपल्या सांडपाण्याचा थेंबन्‌थेंब कामाला लावल्याचे आकड्यांनी दाखवावे, आपल्या जीर्ण जलवाहिन्यांतील गळती मोजून जाहीर करावी आणि त्यानंतरही तूट राहिली तर वानकडे यावे. तोपर्यंत सातपुड्याचे पाणी मागायचे आणि वापरून झालेले पूर्णेच्या खोऱ्यात सोडायचे, या व्यवहाराला विकास म्हणता येणार नाही. मोर्णा पुढे पूर्णेलाच मिळते. ज्या खोऱ्यातील विहिरी निसर्गाने खाऱ्या केल्या, त्याच खोऱ्यातील नदी शहर घाण करते, आणि मग त्या नदीकाठची गावे टँकर घेऊन नागपूरच्या वाटेला लागतात.

हे सगळे महापालिकेच्या सभागृहात का बोलले जात नाही? एक कारण असे की, आपल्याकडे पाणी ‘आणणाऱ्या’ पुढाऱ्याची मिरवणूक निघते. पाईपलाईनचे भूमिपूजन होते, जलकुंभाला थोरांचे नाव दिले जाते. सांडपाणी नीट मार्गी लावणाऱ्याच्या गळ्यात हार घातल्याचे कोणी पाहिले आहे काय? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पाणीपुरवठा, सार्वजनिक स्वच्छता, घनकचरा आणि पर्यावरणरक्षण हे सारे विषय १९९३ पासून नागरी संस्थांच्या यादीत आणून ठेवले. यादी आली, तिच्यामागोमाग यायला हवे होते ते पैसे आणि तज्ज्ञ माणसे मात्र आली नाहीत. त्यात २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य पालिका निवडणुकांविना प्रशासकांच्या हाती राहिल्या. २०२५ च्या डिसेंबरात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रश्न विचारायला पुन्हा कोणीतरी समोर आले आहे, एवढे तरी समाधान.

तेल्हाऱ्याने अकोल्याला नावे ठेवून स्वस्थ बसावे, असाही याचा अर्थ नाही. हे शहर लहान आहे, वीस हजारांच्या आसपासच्या वस्तीचे, क वर्ग नगर परिषदेचे. पण अकोल्याची मोर्णा जशी, तशी तेल्हाऱ्याची गौतमा. खाऱ्या विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणणाऱ्या घरात सांडपाण्याचा प्रश्न नव्हता. अंगणातील आळवाच्या किंवा केळीच्या मुळाशी तो संपत असे. नळ आला, न्हाणीघरात तोटी आली, स्वच्छ भारत अभियानातून घरोघरी शौचालय आले, आणि हे सगळे चांगलेच झाले. मात्र प्रत्येक शौचालयामागे एक टाकी आली, ती भरली की उघड्या नालीत वाहू लागली आणि नाली उताराने नदीकडे निघाली. १३५ लिटरच्या मानकाने वीस हजारांच्या गावाचे सांडपाणी रोज २१ लाख ६० हजार लिटर होते. आज मानकाइतके पाणी मिळत नसेल, पण तिकडेच वाटचाल आहे. वानच्या पाण्यासाठी लढणाऱ्या शहराने वानचेच पाणी वापरून गौतमेत सोडावे, यातील विसंगती अकोलेकरांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही आणि ते ती बोलूनही दाखवतील.

सुदैवाने लहान शहराला हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा सोपा असतो. साताऱ्याच्या वाई नगर परिषदेने घरोघरच्या शौचालयाच्या टाक्या तीन वर्षांतून एकदा ठरल्या वेळापत्रकाने उपसण्याची पद्धत २०१८ पासून लावली आणि त्या मैल्यावर प्रक्रिया करणारे, दिवसाला सत्तर हजार लिटर क्षमतेचे केंद्र चालविले. टाकी भरून वाहेपर्यंत वाट पाहायची आणि मग गाडीवाल्याला फोन करायचा, हा आपला सार्वत्रिक रिवाज. वाईने तो मोडला. कोकणातील वेंगुर्ला तर तेल्हाऱ्याहूनही लहान. पण कचऱ्याचे वर्गीकरण कसे करावे, हे पाहायला तेथे राज्यभरातून माणसे जाऊ लागली. सांडपाण्यासाठी मोठमोठ्या यंत्रांचीच गरज असते असेही नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ पद्धतीत खडी-वाळूच्या थरांतून आणि विशिष्ट पाणवनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी सावकाश वाहू दिले जाते व ते निवळते. तिला वीज फार थोडी लागते. क वर्ग नगर परिषदेच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे, कारण यंत्र शासनाच्या अनुदानातून बसते, पण त्याचे वीजबिल दरमहा गावालाच भरावे लागते, आणि पथदिव्यांचे बिल थकविणारी पालिका शुद्धीकरणाचे बिल आधी भरील, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

अशा पद्धतीने निवळलेले तेल्हाऱ्याचे पाणी रब्बीच्या चार महिन्यांत दोन लाख साठ हजार घनमीटरच्या घरात जाईल. हरभऱ्याला हेक्टरी तीन हजार घनमीटर धरले, तरी ऐंशी-पंच्याऐंशी हेक्टरांची सोय होते. आणि येथे खारपाणपट्ट्याच्या शेतकऱ्याला समजेल असा एक विशेष आहे. वानचे पाणी मुळात गोडे असल्यामुळे, घरात वापरून निवळल्यानंतरही त्यातील क्षार त्याच्या विहिरीतल्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी राहतात. जे पाणी आज नालीत आपण नाक दाबून ओलांडतो, ते पट्ट्यातील कित्येक विहिरींपेक्षा जमिनीला मानवणारे आहे. वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे लागेल. त्यासाठी कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे.

या कामाला जागा मात्र लागते, आणि ती शहराच्या उताराच्या टोकाला, नदीकडेच लागते. प्रक्रियेच्या जागेसाठी साधारणतः पाच-सहा एकर पुरतील. तेल्हाऱ्यासारख्या शहरात नदीकाठच्या शेतांना अकृषक परवाना मिळून लेआउट पडायला आता वेळ लागत नाही. शहर विकास आराखड्यात त्या जमिनीवर सांडपाणी प्रक्रियेचे आरक्षण आहे की नाही, आणि असल्यास ते उठविण्याचा अर्ज कोणाचा आला आहे, हे नगर परिषदेच्या कार्यालयात जाऊन नकाशावर पाहता येते. हा नकाशा सार्वजनिक असतो. एखाद्या रविवारच्या श्रमदानापूर्वी दहा-बारा जणांनी सोमवारी जाऊन तो पाहून यावा. त्या पाच-सहा एकरांत एकदा भूखंडांचे दगड रोवले गेले, तर गौतमेच्या सांडपाण्याला गौतमेखेरीज दुसरी जागा उरणार नाही.